यंत्रखरेदीचा खरा हिशेब : घसारा, कर आणि महागाई

(भाषणाचा संपादित पाठ)



दिवाळीला वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द लिहिले जातात. त्यानंतर वर्षभर त्या वहीत जमा-नावे होत राहते आणि वर्षाच्या शेवटी जी रक्कम उरते तिला लाभ म्हटले जाते. परंतु उरलेली प्रत्येक रक्कम लाभ असतेच का? ज्याच्या दुकानात केवळ माल आहे, त्या व्यापाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते. ज्याच्या व्यवसायात यंत्र आहे, त्याला मात्र ते सोपे नाही. कारण यंत्र रोज थोडे थोडे खर्च होत असते आणि त्या खर्चाची पावती कोणीही आणून देत नाही. या न दिसणाऱ्या खर्चाला हिशेबशास्त्रात घसारा म्हणतात. प्रस्तुत विषय त्या घसाऱ्याचा, त्यामुळे वाचणाऱ्या कराचा आणि या दोहोंना आतून पोखरणाऱ्या महागाईचा आहे.

पूर्णा आणि केळना या नद्यांच्या संगमावर वसलेले जाफराबाद हे शेतीमालाच्या व्यापारावर जगणारे गाव होय. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन जालना जिल्हा झाला आणि हा तालुका त्यात आला. जालना शहराने बियाणे व पोलाद या उद्योगांत नाव मिळविले. तालुक्याच्या गावांचा संबंध मात्र प्रामुख्याने कापूस, सोयाबीन, मका यांच्याशी राहिला. म्हणून उदाहरण घ्यावयाचे तर ते कापसाचे, म्हणजेच जिनिंगचे घेणे उचित ठरेल. कापडाचा ठाण दुकानात येण्यापूर्वी त्याचा पहिला यांत्रिक संस्कार जिनिंगमध्येच होतो. सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते आणि रुईची गाठ बांधली जाते.

जिनिंगमधील यंत्रखरेदीचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. त्या काळात जिनिंगचे काम बहुतांशी ठरावीक मजुरीवर चाले. पुढे फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्याचा चौथा भाग जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाचा होता. जुने रेचे काढून सुधारित डबल रोलर रेचे, कापूस आपोआप पुरविणारी यंत्रणा, कचरा वेगळा करणारी यंत्रे आणि नवे प्रेस बसविण्यासाठी खर्चाचा काही भाग अनुदान म्हणून मिळू लागला. त्यापूर्वी १ एप्रिल १९९९ पासून वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनाही आली होती व तिच्यात कर्जाच्या व्याजावर सवलत होती. अनेकांनी त्या काळी यंत्रे घेतली. त्यांतील काहींचा व्यवसाय बहरला, तर काहींचे यंत्र चांगले असूनही हिशेब चुकला. तो का चुकतो, हे पाहणे आवश्यक आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जाफराबाद परिसरातील एका कुटुंबाची जुनी जिनिंग आहे. नवी यंत्रणा ४० लाख रुपयांना मिळते. जीएसटीचे क्रेडिट घेतले असल्याने ती रक्कम यात धरलेली नाही, आणि ज्या कराचे क्रेडिट घेतले त्यावर घसाराही मिळत नाही, हे प्रथम ध्यानात ठेवावे. नव्या यंत्रणेमुळे मजुरी व वीज यांत बचत होऊन आणि रुईला बरा भाव मिळून पहिल्या वर्षी निव्वळ ९ लाख रुपयांचा फायदा होईल असा अंदाज आहे. यंत्र ८ वर्षे वापरून ६ लाखांना विकले जाईल. हे कुटुंब भागीदारी पेढी म्हणून कर भरते. म्हणजे ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ३१.२ टक्के. स्वतःच्या भांडवलावर वर्षाला किमान १२ टक्के सुटले पाहिजेत, अशी त्यांची अपेक्षा आहे.

पहिला हिशेब : गादीवरचा

बहुतेक ठिकाणी गादीवर बसून जो हिशेब होतो तो असा : ४० भागिले ९, म्हणजे साडेचार वर्षांच्या आत पैसे वसूल, पुढची साडेतीन वर्षे निव्वळ कमाई. हा हिशेब सोपा आहे, तोंडी होतो आणि म्हणूनच तो लोकप्रिय आहे. परंतु त्यात तीन गोष्टी नाहीत. ९ लाखांवर कर द्यावा लागेल, ही पहिली. घसाऱ्यामुळे काही कर वाचेल, ही दुसरी. आणि आठव्या वर्षी मिळणारा रुपया हा आजचा रुपया नव्हे, ही तिसरी.

दुसरा हिशेब : कर आणि घसारा

९ लाखांवर ३१.२ टक्के म्हणजे २,८०,८०० रुपये कर जातो व ६,१९,२०० रुपये हाती राहतात. आता घसारा पाहू. आयकरासाठी यंत्रसामग्रीवर सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा घटत्या शिलकेवर मिळतो. पूर्वी हाच दर २५ टक्के होता. २००६-०७ या आकारणी वर्षापासून तो १५ टक्क्यांवर आला. त्यानुसार आठ वर्षांचे चित्र असे दिसते :

पहिले वर्ष : घसारा ६,००,०००, वाचलेला कर १,८७,२००
दुसरे वर्ष : घसारा ५,१०,०००; वाचलेला कर १,५९,१२०
तिसरे वर्ष : घसारा ४,३३,५००, वाचलेला कर १,३५,२५२
चौथे वर्ष : घसारा ३,६८,४७५, वाचलेला कर १,१४,९६४
पाचवे वर्ष : घसारा ३,१३,२०४, वाचलेला कर ९७,७२०
सहावे वर्ष : घसारा २,६६,२२३; वाचलेला कर ८३,०६२
सातवे वर्ष : घसारा २,२६,२९०, वाचलेला कर ७०,६०२
आठवे वर्ष : घसारा १,९२,३४६, वाचलेला कर ६०,०१२

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘घसारा मिळतो’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. त्यामुळे तरुणांना वाटते की सरकार काही देते. वस्तुतः ४० लाख रुपये खिशातून आधीच गेलेले असतात. सरकार एवढेच म्हणते की, या खर्चापैकी इतका भाग यंदाच्या उत्पन्नातून वजा करा. १०० रुपयांच्या घसाऱ्याने ३१ रुपये वाचतात. उरलेले ६९ रुपये व्यापाऱ्याचेच गेलेले असतात. केवळ कर वाचविण्यासाठी मार्चअखेर यंत्र खरेदी करणे म्हणजे ३१ रुपयांसाठी १०० रुपये खर्च करणे होय.

मार्चअखेरच्या खरेदीत आणखी एक तोटा आहे. खरेदीच्या वर्षी यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. १८० दिवस भरण्यासाठी यंत्र ऑक्टोबरच्या २-३ तारखेपर्यंत सुरू झालेले असावे लागते. कापसाचा हंगाम मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास उभा राहतो! हंगाम सुरू होताना यंत्र सुरू करणाऱ्याचा पहिल्या वर्षाचा घसारा ६ लाखांऐवजी ३ लाख होतो. उरलेला घसारा बुडत नाही, पुढील वर्षांत सरकतो. तरीही वरील उदाहरणात या विलंबाची आजची किंमत सुमारे ४४ हजार रुपये भरते. महिनाभर आधी यंत्र बसवून, ते प्रत्यक्ष चालविल्याची नोंद, वीजबिल व मजुरीचे कागद जपून ठेवणे हे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

सरकारी अनुदान मिळाले असेल, तर ते यंत्राच्या किमतीतून वजा करूनच घसारा मोजावा लागतो. अनुदानही घ्यायचे आणि पूर्ण किमतीवर घसाराही घ्यायचा, असे कायदा करू देत नाही. तसेच जे छोटे व्यावसायिक उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर अंदाजित नफा दाखवून कर भरतात, त्यांचा घसारा त्या टक्केवारीत मिळालाच असे समजले जाते. त्यांना तो वेगळा मागता येत नाही. त्यांच्यासाठी बचतीवरचा वाढीव कर आणि घसाऱ्याची करबचत हे दोन्ही रकाने कोरे राहतात.

तिसरा हिशेब : काळाचे मूल्य

बारा टक्क्यांची अपेक्षा असणाऱ्यास वर्षानंतर मिळणारा रुपया आज सुमारे ८९ पैशांचा आहे आणि आठ वर्षांनी मिळणारा रुपया सुमारे ४० पैशांचा. या मापाने मोजता दरवर्षीच्या ६,१९,२०० रुपयांचे आजचे मूल्य ३०.७६ लाख होते. करबचतीचे मूल्य ६.१७ लाख आणि शेवटच्या विक्रीचे २.४२ लाख. एकूण ३९.३५ लाख. म्हणजे गादीवरच्या हिशेबात ‘साडेचार वर्षांत वसूल’ होणारे यंत्र येथे ६५ हजारांनी तोट्यात जाते. यंत्र विकल्यानंतर मालमत्तेच्या गटात उरणाऱ्या रकमेवर पुढेही थोडा घसारा चालू राहतो. त्याचे आजचे मूल्य किरकोळ असल्याने ते धरलेले नाही. ते धरले तरी निष्कर्ष बदलत नाही.

येथे दोन दक्षता घ्याव्यात. कर्ज काढून यंत्र घेतले असेल, तर या हिशेबात व्याज पुन्हा खर्च म्हणून वजा करू नये. भांडवलाची किंमत १२ टक्क्यांत आधीच आलेली आहे. दुसरे असे की, जुन्या यंत्राची वहीतील शिल्लक किंमत हा निर्णयाचा आधार नव्हे. ‘वहीत अजून ५ लाख शिल्लक आहेत, मग कसे काढायचे?’ असे ज्येष्ठांकडून विचारले जाते. ते पैसे कधीच गेले आहेत. जुने यंत्र आज बाजारात कितीला जाईल, एवढाच प्रश्न खरा आहे.

चौथा हिशेब : महागाई

तिसऱ्या हिशेबातही एक दोष राहिला आहे. १२ टक्के हा दर महागाई धरून आहे. कोणताही सावकार वा बँक महागाई विसरून व्याज ठरवीत नाही. परंतु ९ लाखांचा फायदा मात्र आठही वर्षे तेवढाच धरला गेला. एका पारड्यात महागाई आणि दुसऱ्यात नाही, हे माप खोटे होय. मजुरी व वीज महागली, तर त्यांत होणाऱ्या बचतीचे रुपयेही वाढतील. रिझर्व्ह बँकेसाठी २०१६ पासून महागाईचे लक्ष्य ४ टक्के व त्यात २ टक्के खाली-वर असे ठरलेले आहे. येथे ५ टक्के धरू. फायदा दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढला, तर त्याचे आजचे मूल्य ३५.६७ लाख होते. त्यात ६.१७ व २.४२ मिळविले की बेरीज ४४.२६ लाखांवर जाते आणि यंत्र सुमारे सव्वाचार लाखांनी फायद्याचे ठरते.

ज्यांना आजच्याच रुपयांत हिशेब मांडायचा असेल, त्यांनी फायदा स्थिर ठेवावा, परंतु मग दरातूनही महागाई काढावी. तो दर १२ वजा ५ म्हणजे ७ नव्हे, १.१२ ला १.०५ ने भागून ६.६७ टक्के येतो. दोन्हींपैकी कोणतीही रीत चालेल, मिश्रण चालणार नाही.

मात्र महागाई सर्व रकान्यांना सारखी लागत नाही, हे या विषयाचे मर्म आहे. मजुरी वाढते, वीज वाढते. घसारा वाढत नाही. तो खरेदीच्या दिवशीच्या ४० लाखांवर कायमचा बांधलेला असतो. आठव्या वर्षी वाचणारे ६०,०१२ रुपये आजच्या रुपयांत साडेचाळीस हजारांच्या आसपासच भरतात. जमीन-इमारतीसारख्या मालमत्तेच्या दीर्घकालीन नफ्यावर अनेक वर्षे महागाई निर्देशांकाचा लाभ मिळत असे. २३ जुलै २०२४ पासून तोही मोठ्या प्रमाणात काढून घेतला गेला. घसारा घेतलेल्या यंत्राला तर हा लाभ कधीच नव्हता. म्हणजे महागाई जितकी अधिक, तितकी घसाऱ्याची सवलत पोकळ.

याचा इतिहास मुंबईच्या कापड गिरण्यांत वाचावयास मिळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी यंत्रे येणे दुरापास्त झाले आणि मागणी प्रचंड वाढली. गिरण्या अहोरात्र चालल्या, नफा भरघोस दिसला. युद्ध संपले तेव्हा यंत्रे झिजलेली होती व नव्या यंत्रांच्या किमती जुन्या घसाऱ्याच्या गंगाजळीच्या कितीतरी पुढे गेल्या होत्या. ही अडचण सरकारलाही उमगली. १९५५ च्या वित्त कायद्याने नव्या यंत्रांवर २५ टक्के विकास सवलत दिली, ती नेहमीच्या घसाऱ्याव्यतिरिक्त होती. पुढे १९७६ मध्ये गुंतवणूक भत्ता आला. तरीही अनेक गिरण्यांची यंत्रे जुनीच राहिली. १९६८ मध्ये आजारी गिरण्यांसाठी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन करावे लागले, आणि जानेवारी १९८२ चा संप येईपर्यंत अनेक गिरण्या आतून कमकुवत झाल्या होत्या. गिरणगाव उजाडण्याची कारणे अनेक होती. परंतु झिजणाऱ्या यंत्राचे पैसे वेळीच बाजूला न ठेवणे, हे त्यांतील एक निश्चित होते.

पाचवा हिशेब : पुढच्या यंत्राचा

आता उदाहरणातील कुटुंबाकडे पुन्हा वळू. आठ वर्षांनी तेच यंत्र घ्यावयाचे झाले, तर ५ टक्के महागाईने त्याची किंमत सुमारे ५९.१० लाख होईल. आठ वर्षांत वहीत एकूण घसारा पडला २९.१० लाख. जुने यंत्र ६ लाखांना गेले. बेरीज ३५.१० लाख, तूट २४ लाख. घसाऱ्याची रक्कम दरवर्षी प्रामाणिकपणे बाजूला ठेवली आणि तिच्यावर कर जाऊन ५ टक्के सुटले, तरी ती ३६ लाखांच्या आसपास जाते आणि विक्रीसह तूट १७ लाखांची राहतेच.

आणि ही रक्कम बाजूला ठेवणारे किती? घसारा हा असा खर्च आहे की, तो वहीत पडतो पण गल्ल्यातून जात नाही. म्हणून गल्ल्यात रक्कम दिसते. त्या रकमेतून घराचा मजला चढतो, लग्नकार्य पार पडते, एखादा प्लॉट घेतला जातो. यांतील काहीही वाईट नाही. परंतु ते लाभातून झाले, असा समज मात्र घातक आहे. ते यंत्राच्या मूळ भांडवलातून झालेले असते. पुढे भावाभावांची वाटणी होते. एकाच्या वाट्याला प्लॉट येतो, दुसऱ्याच्या वाट्याला जिनिंग. वहीतील आकडे पाहता वाटणी समान असते. प्रत्यक्षात एकाला महागाईने वाढलेली जमीन मिळते आणि दुसऱ्याला महागाईने मागे टाकलेले यंत्र. दोन भावांत पुढे जी अढी बसते, तिचे मूळ अनेकदा कोणाच्या लबाडीत नसून या न मांडलेल्या हिशेबात असते. वाटणीच्या दिवशी यंत्राची वहीतील किंमत न धरता, ते नव्याने उभे करण्यास लागणारी रक्कम व त्याचे उरलेले आयुष्य विचारात घेतले, तर पुष्कळ घरे दुभंगण्यापासून वाचतील.

अनिश्चिततेचा विचार

सव्वाचार लाखांची शिल्लक पाहून लगेच बयाणा देऊ नये. वरील उदाहरणात पहिल्या वर्षाचा फायदा ९ लाखांऐवजी ७.९२ लाख निघाला, तर शिल्लक शून्यावर येते. म्हणजे अंदाज अवघा आठव्या हिश्श्याने चुकला तरी सारा नफा जातो. फायदा ६ लाखांवर आला, तर सुमारे साडेसात लाखांची तूट येते. ज्या जिल्ह्याने २०१२-१३ चा भीषण दुष्काळ सोसला आणि ज्या राज्याने २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीचे संकट पाहिले, तेथे कापसाची आवक आठव्या हिश्श्याने घटणे ही काही विशेष घटना नव्हे. शिवाय शेतकरी कापसाकडून सोयाबीन-मक्याकडे वळला, तर यंत्र चांगले असूनही रिकामे राहील. ज्या वर्षी नफाच नाही, त्या वर्षी घसाऱ्याने कर वाचत नाही. न वापरलेला घसारा पुढे ओढता येतो व त्याला वर्षांची मर्यादा नाही, हे खरे. पण उशिरा वाचलेला रुपया हा लहान रुपया असतो, हे वर पाहिलेच आहे.

करदरही स्थिर नसतात. घसारा २५ वरून १५ वर आला. नवीन यंत्रांवरील अतिरिक्त घसारा नव्या करप्रणालीत जाणाऱ्या व्यक्तींना मिळत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेण्यासाठी २०२५ मध्ये नवा कायदा संमत झाला असून त्याच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ अशी ठरविण्यात आली. म्हणून करसवलतीच्या आधारावरच जे यंत्र उभे राहते, ते घेऊ नये. सवलत नसतानाही जे जवळजवळ स्वतःच्या पायावर उभे राहते, त्यालाच सवलतीची जोड शोभते. प्रत्यक्ष निर्णयापूर्वी आपल्या सनदी लेखापालाचा सल्ला अवश्य घ्यावा. मात्र त्यांच्याकडे यंत्र घेतल्यानंतर बिल घेऊन जाण्याऐवजी, घेण्यापूर्वी कोटेशन घेऊन जावे.

संस्थांसाठी दोन शब्द

हा विचार केवळ नफ्याच्या व्यवसायापुरता नाही. सार्वजनिक संस्थांत दानशूर व्यक्ती जनरेटर देतात, पाण्याचे यंत्र देतात, दवाखान्यातील उपकरण देतात. नामफलक लागतो, समारंभ होतो. दहा वर्षांनी ते यंत्र बंद पडते आणि मग विश्वस्तांची धावपळ सुरू होते. धर्मादाय संस्थेने यंत्राची किंमत खर्च म्हणून एकदा दाखविली असेल, तर त्यावर पुन्हा घसारा मागता येत नाही, असा नियम २०१५-१६ या आकारणी वर्षापासून आहे. पण कर वाचत नाही म्हणून यंत्र झिजायचे थांबत नाही. म्हणून प्रत्येक उपकरणाबरोबर त्याच्या बदलीचा निधी उभारावा. दात्याने यंत्र देताना थोडी रक्कम त्या निधीतही द्यावी. ज्या संस्थेला पन्नास वर्षांनंतरची पन्नास वर्षे पाहायची आहेत, तिला ही शिस्त सोडून चालणार नाही.

सारांश असा की, यंत्र घेताना पाच प्रश्न विचारावेत. कर जाऊन हाती किती? घसाऱ्याने खरोखर किती कर वाचतो आणि केव्हा? ती रक्कम आजच्या मोलाने किती? महागाई दोन्ही पारड्यांत सारखी धरली आहे का? आणि हे यंत्र संपेल तेव्हा पुढचे यंत्र कशातून येईल? या पाचव्या प्रश्नाचे उत्तर ज्या वहीत लिहिलेले असेल, त्या वहीतील ‘लाभ’ हा शब्द खरा. जेथे ते उत्तर नाही, तेथे लाभ म्हणून जे खर्च होत आहे ते पुढच्या पिढीचे भांडवल आहे.

जय जिनेंद्र.